गोळी लागली, गोळी उतरली : पार्किन्सन्समधल्या ऑन-ऑफबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मिस्टरांना पार्किन्सन्स (कंपवात, म्हणजे हालचाल मंदावणारा मेंदूचा आजार) होऊन १२ वर्षं झाली. पहिली पाच-साडेपाच वर्षं गोळी घेतली की दिवस नीट जायचा, मग हळूहळू गोळीचा असर मध्येच संपायला लागला आणि तेव्हापासून आमचं घर घड्याळावर चालतं. मी डॉक्टर नाही, दर तीन महिन्यांनी न्यूरॉलॉजिस्टसमोर फाइल घेऊन बसणारी बायको आहे. खालचे प्रश्न मला फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा लोकांनी विचारलेले आहेत. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, मला ते शब्द फार आवडतात म्हणून इथेही तेच वापरलेत. आणि एक विनंती, हे वाचून डोस स्वतःच बदलू नका, हे वाचून डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवा.

सकाळी ११ वाजता स्वतः चालत अंगणात गेले, १ वाजता खुर्चीतून उठवत नाही. हे खरंच असं होतं की मुद्दाम करतात?

खरंच होतं. मुद्दाम कोणी करत नाही हो. हा प्रश्न मी पहिला घेतला कारण सगळ्यात जास्त मनं ह्याच्यावरून दुखावतात. आमच्याकडे नणंदबाई आल्या होत्या तेव्हा ह्यांनी स्वतः दार उघडलं, हसून गप्पा मारल्या, आणि दोन तासांनी जेवायला उठायची वेळ आली तर पाय उचलेना. त्या मला आत येऊन म्हणाल्या, तू फार लाडावून ठेवलंयस. ह्यांनी ते ऐकलं. त्यानंतर कितीतरी दिवस हे पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

तर हे नाटक नाही, आळस नाही, मूड पण नाही. रक्तातलं औषध खाली आलं की मेंदूला हालचालीसाठी लागणारं डोपामिन मिळत नाही आणि माणूस अक्षरशः अडकतो, आणि पुढची गोळी लागली की तोच माणूस पुन्हा उठून चालतो. घरातल्या प्रत्येकाला, कामवाल्या मावशींना आणि नातवंडांना सुद्धा, हे एकदा समजावून सांगा.

ऑन, ऑफ, वेअरिंग ऑफ म्हणजे नक्की काय?

गोळीचा असर चालू आहे आणि हालचाल बरी होतेय तो ऑन. असर नाही, अंग जड, थरथर किंवा ताठरपणा परत आलेला तो ऑफ. पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आधीच असर संपायला लागतो त्याला वेअरिंग ऑफ म्हणतात. घरात आम्ही सरळ "लागली" आणि "उतरली" म्हणतो. "लागली का हो?" हा आमच्याकडे दिवसातून पाच वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे.

आधी पाच वर्षं असं काही नव्हतं, मग आताच का? गोळी बदलली का कंपनीने?

नाही, गोळी तीच आहे. मला डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्याकडे नळाला सकाळी दोन तास पाणी येतं पण गच्चीवर मोठी टाकी असते म्हणून दिवसभर पाणी पुरतं, नळ कधी आला कधी गेला कळतही नाही. पार्किन्सन्सच्या सुरुवातीला मेंदूत डोपामिन साठवणाऱ्या पेशी बऱ्यापैकी शिल्लक असतात, ती टाकी. लिव्होडोपा म्हणजे आपल्या गोळीतलं मुख्य औषध, मेंदूत जाऊन तिचं डोपामिन होतं. ती रक्तात फार वेळ राहत नाही, कार्बिडोपाबरोबर (मेंदूत पोचायच्या आधी तिला मोडू न देणारं जोडीचं औषध) दिली तरी साधारण दीड तासात तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं होतं, पण टाकी असते तोवर ते जाणवत नाही. आजार पुढे गेला की त्या पेशी कमी होत जातात, टाकीचा हंडा होतो, मग हंड्याची कळशी, आणि शेवटी नळाला पाणी आहे तेवढा वेळच पाणी अशी गत होते. म्हणजे गोळी पूर्वीइतकंच काम करतेय, साठवायची जागा कमी झालीय.

लिव्होडोपा सुरू केल्यावर चार ते सहा वर्षांत साधारण १०० पैकी ४० जणांना असे चढउतार सुरू होतात. त्यामुळे तुमच्याच घरी काहीतरी चुकलं असं मनात आणू नका.

लिव्होडोपा लवकर सुरू केली म्हणून असं झालं का? ती शेवटपर्यंत राखून ठेवायची असते असं ऐकलंय.

हे मी पण ऐकलं होतं आणि त्यापायी ह्यांचे दीड वर्ष हाल केले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. शर्टाची बटणं लागत नव्हती तरी "अजून नको, नंतर उपयोग होणार नाही" म्हणत बसलो.

ह्याच्यावर अभ्यास झालेत. घाना देशात लोकांना औषध उशिरा मिळायचं, इटलीत लवकर मिळायचं, दोन्हीकडचे पेशंट ताडून पाहिले तर घानातल्या लोकांना औषध उशिरा सुरू होऊनही चढउतार आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाले होते. म्हणजे आजार किती वर्षांचा आहे आणि डोस किती मोठा आहे ह्यावर जास्त अवलंबून असतं, गोळी किती वर्षं घेतली ह्यावर नाही. ते २०१४ मध्ये छापून आलं. मग २०१९ मध्ये नेदरलँड्समधला ४४५ पेशंटचा अभ्यास आला, त्यात अर्ध्या लोकांना लिव्होडोपा लगेच दिली आणि अर्ध्यांना ४० आठवड्यांनी, ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे लवकर दिल्याने आजार थांबत नाही पण बिघडतही नाही. गरज असेल तेव्हा घ्यायची, लागेल तेवढीच घ्यायची, असं आमचे डॉक्टर म्हणतात.

ऑफमध्ये फक्त हालचालच जाते का?

नाही! आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. कुणाला ऑफ येताना भयंकर घाबरल्यासारखं होतं, छातीत धडधड, दरदरून घाम, श्वास पुरत नाही असं वाटतं, लोक हार्ट अटॅक समजून कॅज्युअल्टीत नेतात. कुणाला खांदा किंवा पाय ठणकतो, कुणाला एकदम रडू येतं, विचार सुचत नाहीत, सारखी लघवीची घाई होते. ह्यांना ऑफच्या आधी दहा-पंधरा मिनिटं उगाचच उदास वाटायचं आणि आम्ही वर्षभर त्याला डिप्रेशन समजत होतो. मग डायरीत दिसलं की हे रोज गोळीच्या आधीच होतंय आणि गोळी लागली की जातंय. अर्थात छातीत दुखलं तर ऑफ असेल म्हणून घरी बसू नका, ते आधी तपासूनच घ्यायचं. पण रोज त्याच वेळेला तेच होत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगा.

डायरी कशी ठेवायची? डॉक्टर म्हणतात लिहून आणा पण काय लिहायचं कळत नाही.

अपॉइंटमेंटच्या आधीचे तीन दिवस लिहिलेत तरी पुरतं. मुलाची जुनी वही घ्या. आमचं एक पान असं होतं:

६.३० उठले, ऑफ, डाव्या पायाची बोटं वळलेली.
६.४५ गोळी. ७.३० लागली.
९.४५ हात जड, घाबरल्यासारखं.
१०.०० पोहे खाऊन लगेच गोळी. ११.१० लागली, उशीर.
११.३० ते १२ मान आणि खांदा आपोआप हलत होता, त्यांना त्रास नाही.
१.१५ उतरली. १.३० गोळी.

बस, एवढंच. गोळी कधी घेतली, कधी लागली, कधी उतरली, खाल्लं काय, अंग जास्तीचं हललं का. तिथे गेल्यावर आपण "बरंय तसं, मध्येमध्ये त्रास होतो" म्हणतो आणि डॉक्टरांच्या हातात काहीच पडत नाही, त्यातून बऱ्याचदा शुभार्थी नेमके तिथे ऑनमध्ये असतात आणि छान चालून दाखवतात. ऑफमधला एक मिनिटाचा मोबाइल व्हिडिओ काढून ठेवा, मात्र त्यांना विचारून काढा. आमच्याकडे डोस पहिल्यांदा नीट बसला तो त्या वहीच्या दोन पानांवरून.

गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली तर चालते ना?

साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा नंतर. लिव्होडोपा ही मुळात अमिनो आम्ल आहे आणि दूध, डाळ, अंडी, मांसमच्छी ह्यांतलं प्रोटीन पचून जी अमिनो आम्लं तयार होतात ती आतड्यात आणि मेंदूच्या दारात हिच्याशी स्पर्धा करतात. एसटीला एकच दार आणि सगळे एकदम घुसायला बघतात तसं. म्हणून जेवणाच्या आधी अर्धा ते एक तास किंवा जेवणानंतर निदान दीड तासाने घेतली तर बरी लागते. नवीन नवीन गोळी सुरू झाल्यावर मळमळत असेल तर डॉक्टर थोडं काहीतरी खाऊन घ्या म्हणतात, तेव्हा साधं बिस्किट किंवा चार चुरमुरे चालतात, दुधाचा ग्लास नको.

पण म्हणून प्रोटीन बंद करू नका!! हे मी ओरडून सांगते कारण एका ओळखीच्या घरी वरण, दही, उसळ सगळं बंद केलं आणि काकांचं सहा महिन्यांत आठ किलो वजन उतरलं. आपल्या जेवणात आधीच प्रोटीन बेताचं असतं. ज्यांना खरंच फरक जाणवतो त्यांनी दिवसा भात, भाकरी, भाजी, फळं असं खाऊन डाळ-उसळ-पनीर-मासे रात्रीच्या जेवणात घ्यावं, म्हणजे प्रोटीन तेवढंच मिळतं, फक्त वेळ बदलते. सगळ्यांना ह्याची गरज पडत नाही, सुरुवातीच्या वर्षांत तर नाहीच.

कधी कधी गोळी घेऊनही लागतच नाही. असं का?

बहुतेक वेळा गोळी पोटातच अडकलेली असते. लिव्होडोपा जठरात शोषली जात नाही, ती पुढे लहान आतड्यात जावी लागते आणि पार्किन्सन्समध्ये जठर रिकामं व्हायला आधीच वेळ लागतो. त्यात भरपेट तेलकट जेवण झालं असेल, दोन-तीन दिवस पोट साफ नसेल, तर गोळी तिथेच बसून राहते. म्हणून बद्धकोष्ठता हा पार्किन्सन्सच्या औषधोपचाराचाच भाग समजा, पाणी, भाज्या, चालणं आणि लागलं तर डॉक्टरांनी दिलेलं पावडर-सिरप रोज. आमच्याकडे पोट साफ व्हायला लागल्यावर दुपारची गोळी वीस मिनिटं लवकर लागायला लागली, औषध एका मिलिग्रॅमनेही न वाढवता.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आणि लिव्होडोपा ह्यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. साधी गोळी लवकर लागावी म्हणून काही डॉक्टर ती पाण्यात विरघळवून घ्यायला सांगतात, विचारून बघा.

आणि एकदमच दोन दिवसांत सगळं बिघडलं, कुठलीच गोळी लागेना, तर डोस वाढवायच्या आधी लघवीचं इन्फेक्शन, ताप, छातीत कफ, पाणी कमी पडणं हे बघा. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही, फक्त पार्किन्सन्स वाढल्यासारखा दिसतो.

एक गोळी चुकली तर पुढची डबल घ्यायची का?

नाही. आठवलं की तेव्हा एक घ्या आणि पुढची जवळ आली असेल तर काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे ऐनवेळी गोंधळ नको. मोबाइलला अलार्म लावा, आमच्या घरी पाच अलार्म वाजतात.

अंग नाचल्यासारखं हलतं. थरथर वाढली म्हणून गोळी वाढवू का?

थांबा, आधी काय हलतंय ते नीट बघा. थरथर एका तालात असते, हात मांडीवर शांत असताना जपमाळ ओढल्यासारखी. आणि मान, खांदे, कंबर, पाय वळवळल्यासारखे, लाटेसारखे हलत असतील तर तो बहुतेक डिस्कायनेशिया, आणि तो बऱ्याचदा गोळीचा जोर सगळ्यात जास्त असतो तेव्हा येतो. त्याला थरथर समजून गोळी वाढवली तर आगीत तेल ओतल्यासारखं होतं. काहींना मात्र गोळी लागताना आणि उतरताना असा दोनदा होतो, विशेषतः पायांत, त्याचा उपाय वेगळा. म्हणून वेळ लिहायची.

अजून एक. बघणाऱ्याला डिस्कायनेशिया भयंकर वाटतो पण कित्येक शुभार्थी म्हणतात की अडकून बसण्यापेक्षा हे हलणं परवडलं. ह्यांचं पण तेच म्हणणं आहे, थोडं हलू दे पण मला चालता येऊ दे. त्यांना विचारा, आपल्याला काय बघवत नाही त्यावरून ठरवू नका.

चढउतार सुरू झाल्यावर डॉक्टर काय काय बदलू शकतात?

बरंच काही, म्हणून "आता काही उपाय नाही" असं कोणी म्हटलं तर दुसरं मत घ्या. सगळ्यात आधी बहुतेक तोच दिवसाचा डोस लहान लहान करून जास्त वेळा देतात, तीन वेळाचा चार-पाच वेळा. आपल्याकडे सिन्डोपा नावाची गोळी बऱ्याच घरांत असते, तिचे प्रकार आहेत आणि आकडे गोंधळात टाकतात : ११० मध्ये लिव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १०, प्लसमध्ये १०० आणि २५, २७५ मध्ये २५० आणि २५. म्हणून दुकानदाराने "ही पण तीच आहे" म्हणून दुसरी पट्टी दिली तर आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका.

मग जोडीच्या गोळ्या. एन्टाकॅपोन ही लिव्होडोपाला रक्तात जास्त वेळ टिकवते, म्हणून ती प्रत्येक लिव्होडोपाबरोबरच घ्यायची, एकटीला अर्थ नाही. तिने लघवी केशरी होते, घाबरू नका, काहींना जुलाब मात्र होतात ते सांगा. रासाजिलीन किंवा सॅफिनामाइड दिवसातून एकदा, मेंदूत असलेलं डोपामिन लवकर मोडू देत नाहीत. ह्या चालू असताना खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप, ट्रॅमाडॉल, पेथिडिन असलं काही घ्यायच्या आधी विचारायचंच. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ह्या डोपामिनची नक्कल करणाऱ्या, त्यांचा असर जास्त वेळ टिकतो पण त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. अमँटाडिन डिस्कायनेशिया कमी करते, संध्याकाळनंतर घेतली तर झोप उडते, पाय सुजू शकतात आणि कातडीवर जाळीसारखे जांभळट डाग येतात. ट्रायहेक्सिफेनिडिल थरथरीला देतात पण वय झालेल्या माणसाला तिने विसराळूपणा, भास, लघवी अडकणं असलं होतं, सत्तरीच्या माणसाला चालू असेल तर गरज आहे का हे एकदा विचाराच.

एका वेळी एकच गोष्ट बदला असा आम्ही हट्ट धरला, नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं ते समजत नाही.

सीआर (हळूहळू औषध सोडणारी) गोळी कुटून दिली तर चालते का? गिळायला त्रास होतो.

कुटायची नाही, चावायची नाही. ती हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते, कुटली की सगळं औषध एकदम सुटतं. आणि सीआरमधलं सगळं औषध अंगी लागत नाही, साध्या गोळीपेक्षा साधारण ३० टक्के कमी, त्यामुळे साध्याच्या जागी सीआर असा सरळ बदल घरी करू नका. गिळायला त्रास होतोय हे मात्र लगेच सांगा, त्याला स्पीच थेरपिस्ट मदत करतात.

पहाटे पायाची बोटं वळतात, अंगठा वर येतो, फार दुखतं.

रात्रीची शेवटची गोळी संपलेली असते म्हणून. रात्री झोपताना सीआर किंवा पहाटे उशाशी ठेवलेली गोळी, असे उपाय डॉक्टर सांगतात. आम्ही रात्रीच उशाशी डबी आणि पाण्याची बाटली ठेवतो, उठायच्या अर्धा तास आधी अंथरुणातच, पण बसून, गोळी घ्यायची आणि लागली की उठायचं. ह्या एका सवयीने सकाळची चिडचिड निम्म्याने गेली, त्यांची पण आणि माझी पण.

दारात आलं की पाय जमिनीला चिकटतात.

ऑफमध्येच चिकटत असतील तर औषधाच्या वेळा बदलून फरक पडतो. ऑनमध्येही चिकटत असतील तर औषध वाढवून फारसा उपयोग होत नाही, तिथे फिजिओथेरपी. ओढू नका, ढकलू नका, पडतात. थांबा, श्वास घ्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा आणि "एक दोन, एक दोन" म्हणा किंवा पुढे आडवी रेघ असेल तर ती ओलांडायला सांगा. आम्ही दाराशी रंगीत चिकटपट्टीच्या रेघा मारल्यात. हे आधी पेटी वाजवायचे, त्यामुळे केहरव्याचा ठेका धरला की पाय सुटतो!

बाबा रात्रभर मोबाइलवर रमी खेळतात, पैसे उडवतात. म्हातारपणी हे काय सुचलं?

प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू आहे का ते आधी बघा. ह्या गोळ्यांनी काही लोकांचा स्वतःवरचा ताबा सुटतो, जुगार, सारखी खरेदी, सारखं गोड खाणं, लैंगिक इच्छा फार वाढणं. हे चारित्र्याचं काही नाही, औषधाचा परिणाम आहे, आणि लाजेपायी घरं गप्प बसतात तोवर कर्ज झालेलं असतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, फोनवर सांगा, त्यांच्यासमोर बोलवत नसेल तर चिठ्ठी द्या. औषध हळूहळू कमी करतात, स्वतः एकदम तोडू नका, एकदम तोडल्याने भयंकर घाबरणं, घाम, उदासी असा त्रास होतो. ह्याच गोळ्यांनी अचानक झोप लागू शकते, म्हणून स्कूटर चालवणाऱ्यांनी जपून.

भिंतीवर मुंग्या, कोपऱ्यात लहान मुलं दिसतात म्हणतात.

भास आहेत. वाद घालू नका, घाबरवू नका, इन्फेक्शन आहे का बघा आणि डॉक्टरांना कळवा. ते औषधं एकेक करून कमी करतात, लिव्होडोपा शक्यतो शेवटी. भासासाठी गोळी लागलीच तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिन देतात, हॅलोपेरिडॉल पार्किन्सन्सच्या माणसाला द्यायचं नसतं, तो अजून अडकतो. हे नाव फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

अ‍ॅसिडिटी, उलटी, चक्कर ह्यांच्या साध्या गोळ्या चालतात ना?

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आमचं नुकसान इथेच झालं. ह्यांना पोट जड वाटायचं म्हणून एका दवाखान्यात अ‍ॅसिडिटीची रोज एक कॅप्सूल दिली, आम्ही दोन महिने नेमाने दिली. ह्या दोन महिन्यांत चालणं इतकं बिघडलं की वॉकर आणला. न्यूरॉलॉजिस्टने सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या आणि त्या कॅप्सूलच्या मागचं बारीक अक्षर वाचलं, त्यात अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर लिव्होसल्पिराइड होतं. ते डोपामिनचा रस्ताच अडवतं. म्हणजे एका हाताने डोपामिन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने दार बंद करायचं. बंद केल्यावर काही आठवड्यांत चालणं बरंच परत आलं.

असंच उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्कर किंवा मायग्रेनसाठीचं सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन. ज्यांना पार्किन्सन्स नाही त्यांनाही ह्या औषधांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात. उलटीसाठी डॉक्टर बहुधा डॉम्पेरिडोन देतात, हृदयाचा त्रास असेल तर तेही विचारून. गोळी साधी आहे की नाही ते पट्टीच्या पुढच्या मोठ्या नावावरून कळत नाही, मागचं वाचा.

उभं राहिलं की चक्कर येते, ती ऑफमुळे का?

बीपी पडत असेल. आधी झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांनी, असं दोनदा मोजा आणि लिहून न्या. आजाराने पण पडतं, औषधांनी पण. बीपीच्या जुन्या गोळ्या तशाच चालू असतील तर त्या कमी करायची वेळ आलेली असू शकते.

खाजकुयलीच्या बियांत हेच औषध असतं म्हणे. गोळ्यांपेक्षा तेच घेतलं तर?

असतं, खरंच असतं. कवचबीजात, म्हणजे ह्याच बियांत, नैसर्गिक लिव्होडोपा असते आणि आयुर्वेदात कंपवातासाठी ते पूर्वीपासून वापरतात. मला ह्याचा अभिमानच आहे. अजून एक गंमत म्हणजे लिव्होडोपाचा पार्किन्सन्सवर उपयोग होईल हे कळलं त्यात आपल्या सर्पगंधेचाही हात आहे, तिच्यापासून काढलेलं रेसर्पिन देऊन स्वीडनच्या आर्विद कार्लसन ह्यांनी सशांना निश्चल केलं आणि डोपा देऊन पुन्हा हलतं केलं, ते १९५७ साली, आणि २००० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण घरी चूर्ण आणून गोळीवर सुरू करू नका. एक म्हणजे प्रत्येक पुडीत किती लिव्होडोपा आहे ते ठरलेलं नसतं. दुसरं म्हणजे त्यात कार्बिडोपा नसते, त्यामुळे मळमळ, बीपी पडणं जास्त. तिसरं, आधीची गोळी चालू असताना वरून हे घेतलं म्हणजे डोस वाढवल्यासारखंच झालं, डिस्कायनेशिया आणि भास वाढतात आणि डॉक्टरांना कारणच सापडत नाही. घेत असाल तर लपवू नका एवढंच.

एकादशी, चतुर्थीचे उपास करू द्यायचे का?

ह्यांची आषाढी-कार्तिकी कधी चुकली नाही, त्यामुळे आम्ही विचारूनच ठेवलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, पाणी सोडायचं नाही, म्हणजे निर्जळी उपास बंद. उपासाच्या दिवशी काहींना गोळी उलट छान लागते कारण प्रोटीन कमी गेलेलं असतं, आणि त्याच दिवशी अंग जास्त हलूही शकतं. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचा कूट असतो हे लक्षात ठेवा, तो आणि गोळी एकदम नको.

दुसऱ्याच कुठल्या आजाराच्या ऑपरेशनसाठी अ‍ॅडमिट व्हायचं आहे, गोळ्यांचं काय?

हर्निया असो की मोतीबिंदू, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. "रात्रीपासून काही घ्यायचं नाही" ह्यात पार्किन्सन्सची गोळी येते का ते स्पष्ट विचारा, बऱ्याचदा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला परवानगी देतात. वॉर्डमधली औषधाची वेळ ८-२-८ असते आणि तुमची ६.४५-१०-१.३०, म्हणून वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून सिस्टरच्या टेबलावर आणि पलंगावर लावा, पट्ट्या जवळ ठेवा. तोंडाने घेताच येत नसेल तर नाकातल्या नळीतून देतात.

लिव्होडोपा एकदम बंद झाली तर खूप ताप, लाकडासारखं ताठ अंग, शुद्ध हरपणं असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. म्हणून घरी सुद्धा निदान पंधरा दिवसांचा साठा हवा.

पंप आणि मेंदूचं ऑपरेशन कधी?

डॉक्टरांमध्ये ५-२-१ असा एक सोपा हिशोब आहे. दिवसातून लिव्होडोपाचे पाच किंवा जास्त डोस, दोन तास किंवा जास्त ऑफ, किंवा त्रासदायक डिस्कायनेशिया एक तास किंवा जास्त, ह्यातलं काही असेल तर पुढच्या उपचारांबद्दल बोलायची वेळ आली. लगेच ऑपरेशन असं नाही, बोलायची वेळ.

अ‍ॅपोमॉर्फिन हे डोपामिनची नक्कल करणारं औषध त्वचेखाली देतात, पेनने पटकन किंवा पंपाने दिवसभर. नावात मॉर्फिन असलं तरी ती नशेची गोष्ट नाही. डीबीएस म्हणजे मेंदूत तारा आणि छातीत बॅटरी. त्याचा साधा नियम मला पटला : लिव्होडोपाच्या सगळ्यात चांगल्या ऑनमध्ये जे सुधारतं तेच डीबीएसने जास्त वेळ सुधारलेलं राहतं, थरथर त्याला अपवाद, ती गोळीला दाद देत नसली तरी कमी होऊ शकते. जे ऑनमध्येही सुधारत नाही, म्हणजे तोल, बोलणं, विसराळूपणा, ते बहुधा सुधारत नाही. खर्च लाखांत आहे, म्हणून जाहिरात बघून नाही, हालचालींच्या आजारांचा अनुभव असलेल्या टीमकडून तपासून घेऊन ठरवा. आम्ही तपासणी केली, ह्यांचा तोल आधीच गेलेला होता, नाही केलं.

ऑफ आला आणि पुढची गोळी तासाभराने आहे. तेवढा वेळ शुभंकराने काय करायचं?

जवळ बसायचं. पाणी, उशी, पाय सरळ करून देणं, लघवीचं भांडं हाताशी. बोलायचा आग्रह नको, ऑफमध्ये आवाज पण जातो आणि चेहरा कोरा होतो, पण आत सगळं ऐकू येत असतं, कळत असतं. "अहो प्रयत्न करा ना" म्हणू नका, ते करतच असतात. मी रेडिओ लावते आणि शेजारी भाजी निवडत बसते. आधी मी त्या वेळात स्वयंपाकघरातली कामं उरकायचे, मग एकदा ऑनमध्ये आल्यावर हे म्हणाले, तू आत गेलीस की घड्याळ थांबतं. तेव्हापासून निवडायची भाजी मी दुपारी १.१५ साठी राखून ठेवते.

आमच्या गावात कोणीच नाही असं बोलायला. कुठे जायचं?

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मुंबईत २००१ मध्ये डॉ. बी. एस. सिंघल ह्यांनी सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. फोन करा, तुमच्या जवळ काही आहे का विचारा. पहिल्यांदा जाल तेव्हा शुभार्थीला घेऊनच जा, तिथे कोणी हललं, अडकलं, जेवताना सांडलं तरी कोणी वळून बघत नाही. आमचे हे तिथूनच पुन्हा बाहेरच्या खोलीत बसायला लागले.